पांगाऱ्याचे पारवे

पावसाआधी माहेरच्या घराची कौलं चाळायला काढली होती, आणि मी नेमकी त्याच आठवड्यात जाऊन टपकले. मला चहा द्यायलाही कोणाला सवड नव्हती. भाचा माळ्यावर चढून वरचं सामान खाली टाकत होता. फुटकी परडी आली, काथ्याचं गुंडाळं आलं, आणि मग लाकडाचा एक ठोकळा धप्पकन माझ्या पायाशी पडला. "आते, सरपण तेवढं बाजूला ठेव गो," तो वरून ओरडला. मी ते सरपण उचललं आणि का कोण जाणे, नाकाशी धरलं. मुशी माशाच्या तेलाचा वास आला. अगदी पुसट, पण तोच.

ते सरपण नव्हतं. तो पारवा होता. चोच मोडलेली, शेपटीला कसर लागलेली, रंग उडून पोटाचं पांढरं लाकूड उघडं पडलेलं. पण एका बाजूला गुंजेचा डोळा अजून शाबूत होता, लाल आणि मधोमध काळा ठिपका. छातीत छरे रुतले होते. ते बोटाला लागले तशी मी अंगणात, खळ्यातल्या दगडावर बसलेच. भाच्याला वाटलं, मला उन्हाची भोवळ आली.

बाबा फत्तेमारीवर, म्हणजे मालाच्या शिडाच्या गलबतावर, तांडेल होते, खलाशांचे म्होरके. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ गेला की बाबाही गेले. मग कधी मुंबई, कधी मलबार. उन्हाळा संपता संपता फत्तेमारी खाडीत आणून ओढून ठेवायची, तिच्यावर माडाच्या झापांचं छप्पर चढवायचं, आणि त्यानंतर काय ते बाबा आमचे. शेजारपाजारच्या मुलींना पावसाळा नको व्हायचा. मला तो हवा असायचा, कारण पावसाबरोबर बाप घरी यायचा. त्यांच्या सदऱ्याला डांबराचा आणि विडीचा वास असे, आणि पहिले काही दिवस ते घरातसुद्धा पाय फाकून, डोलत चालत. आई म्हणायची, "जमीन हाय ती, हलायची न्हाय. सरळ चाला."

आषाढात समुद्र बंद, म्हणून मासळी बंद. घरात सगळीकडे ओल. चुलीवरच्या मांडवात लुगडी धुरावर वाळत घातलेली, त्यामुळे नेसलं की अंगाला धुराचा वास. सुका बांगडा आणि सुकट खाऊन खाऊन जीभ खारी व्हायची. मांजर देखील ताटाशी यायचं आणि वास घेऊन परत जायचं. अशा दिवसांत, पावसानं जरा दम खाल्ला की, बाबा सड्यावर पारवे मारायला जात.

सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं कातळाचं पठार. उन्हाळ्यात तव्यासारखं तापणारं, आणि आषाढात हिरवं, जागोजाग पाणी साचलेलं. कडेच्या जमिनीत लोक वरी-नाचणी पेरत. समुद्राकडच्या कड्यांच्या कपारीत राहणारे पारवे झडीच्या दिवसांत उपाशी बसत आणि उघाडी पडली की दाण्यासाठी सड्यावर धाव घेत. उघाडी कधी घटकाभराची, कधी तेवढीही नाही. तेवढ्यात त्यांना आपल्या टप्प्यात उतरवायचं, तर त्यांना वाटायला हवं की आपले भाऊबंद आधीच येऊन जेवायला बसले आहेत. त्यासाठी हे लाकडाचे पारवे.

कोळ्यांच्या जाळ्याला पांगाऱ्याच्या लाकडाचे बोये असत. हलके, पाण्यावर तरंगणारे. तसले जुने बोये बाबा मागून आणत आणि पडवीत बसून कोयत्यानं, मग चाकूनं कोरत. चुना आणि दिव्याची काजळी मुशीच्या तेलात कालवली की पारव्याच्या पाठीचा बरोबर राखी रंग उतरतो. हे तेल होडीला फासायचं. त्याचा वास एवढा की आई आम्हाला दोघांनाही पडवीच्या आत येऊ देत नसे. पंखावरच्या दोन काळ्या पट्ट्या बाबा काढत. गळ्याचं काम माझं. पारव्याच्या गळ्यावर जी हिरवी-जांभळी झाक असते, ती कुठल्या रंगानं येणार? मी शिंपल्यांच्या आतला चकचकीत पापुद्रा वरवंट्यानं बारीक करायची आणि ओल्या तेलावर चिमटीनं भुरभुरवायची. मळभाच्या उजेडात तो गळा असा काही चमके की पारव्यांचं जाऊ दे, मलाच तो हालल्यासारखा वाटे. शेवटी डोळ्यांत गुंजा बसवायच्या. बाबा म्हणत, "डोळं दिलंस की मग त्याला उलटा टाकायचा न्हाय गो. तो आता बघतोय."

बंदूक ठासणीची होती. पावसात तिच्यासारखं नखरेल काही नाही. दारूचं शिंग बाबा काखेत, सदऱ्याच्या आत ठेवत. दारूवर काथ्याचा बोळा ठासायचा, मग छरे, वर पुन्हा बोळा. तांब्याच्या टोपीभोवती मेण लावायचं, की ओल आत शिरत नाही. एवढं करूनही कधी कधी चाप ओढल्यावर नुसतं फुस्स व्हायचं, आणि इरल्याखालून बाबांच्या तोंडून मलबारी शिव्या बाहेर पडायच्या. त्यांचा अर्थ मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कळला.

आम्ही दोघं दोन इरली घेऊन दगडी गडग्याला टेकून बसायचो. इरलं पानांचं, लांबून पाहिलं तर पालापाचोळ्याचा ढीग. समोर वरीच्या तुकड्यात लाकडी पारवे मांडलेले, मूठभर कण्या टाकलेल्या. इरल्यावर थेंबांची टपटप, कातळावरून वाहणाऱ्या पाण्याचा खळखळाट, ओल्या गवताचा वास, बाबांच्या विझलेल्या विडीचा वास. मग बाबा हळूच विचारत, "काय गो बाय, वारा कुठला?" मी काथ्याचा एक तंतू काढून सोडायची आणि सांगायची, "दर्याकडला." "मग बघ तर, आपली माणसं नीट बसलीत का." सगळ्या पारव्यांची तोंडं वाऱ्याकडे हवीत. पाखरू वाऱ्याला पाठ देऊन बसलं की पिसं उलटी होतात आणि पाणी आत जातं. खरा पारवा कधी तसा बसत नाही. बाबांना हे कोणी शिकवलं नव्हतं. ते म्हणत, दर्यात वादळ आलं की होडीचं तोंड वाऱ्याकडे धरतात, तसंच हे.

आणि एक नेम होता. विहिरीतल्या आणि देवळातल्या पारव्याला हात लावायचा नाही, तो तर सगळ्यांचाच नेम. बाबांचा त्यापुढचा. उतरणारा पारवा मारायचा, उठणारा मारायचा. पण लाकडी पारव्यांत येऊन बसलेला, दाणा टिपायला लागलेला पारवा मारायचा नाही. मग तो बसला की आम्ही दोघं श्वास धरून त्याचं जेवण होण्याची वाट पाहत बसायचो. पाऊस परत येई, पारवा पोट भरून जाई, आणि आम्ही रिकाम्या हातांनी घरी. "पाव्हणा जेवायला बसला की त्याच्यावर हात टाकायचा न्हाय," बाबा म्हणत. आई चुलीपाशी पुटपुटे, "पाव्हण्याचं कसलं! लाकडी पारव्याला छरे लागतील म्हणून जीव खालवर होतो." दोघांत खरं कोणाचं, ते मला आजही माहीत नाही. मला वाटतं, दोघांचंही.

माझी सोयरीक जमली त्या वर्षी आईनं माझं सड्यावर जाणं बंद केलं. लग्न ठरलेली मुलगी इरल्याखाली बसून पाखरं मारते, हे सासरी कळलं तर काय, असं तिचं म्हणणं. त्याच वर्षी, फत्तेमारीवर झापं चढवून झाली आणि बाबा पडवीत जेवायला बसले असताना त्यांच्या हातून घास पडला. त्यांनी तो उचलायला हात पुढे केला, तर हात उठेना. तोंड एका बाजूला गेलं. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. समुद्रावर ज्यांची हाक या टोकाची त्या टोकाला ऐकू जायची, त्यांच्या तोंडून नुसता "ब… ब…" एवढाच आवाज निघू लागला. आईला वाटे, मला "बाय" म्हणून हाक मारतायत. मी धावत जायची. तर ते मान हलवत, नाही म्हणून, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

मोहल्ल्यातल्या हकीमसाहेबांना बोलावलं. त्यांनी मालिशीचं तेल दिलं, नाडी धरून बराच वेळ बसले आणि म्हणाले, "पारव्याचा रस्सा द्या. गरम पडतो. लकव्याला ह्याच्यापरता इलाज न्हाय. पन सड्यावरचा पारवा, पाळलेलं कबूतर चालायचं न्हाय." बोलता बोलता त्यांची नजर खुंटीवरच्या बंदुकीकडे गेली. ज्याला औषध हवं, तोच ते आणणारा होता. आणि दिव्यांची अवस जवळ येत होती. श्रावण लागला की आमच्या घरात मांसमच्छीचं नाव निघत नसे. आईनं तो नेम मोडला नसता, आणि बाबांनी तिला मोडू दिला नसता.

तेव्हा धोंडूमामा आला. आईचा धाकटा भाऊ. खाडीवर त्याची तर होती. माणसं या काठावरून त्या काठाला न्यायचा. मनाचा भोळा, तोंडाचा मोठा. बंदुकीचा परवाना बाबांच्या नावाचा होता, पण कुठलाही फौजदार पावसात सड्यावर चढणाऱ्यातला नव्हता. "काळजी करू नको गो आक्का," मामा म्हणाला, "होडी नांगरायची काय नि पारवा मांडायचा काय, विद्या एकच." लाकडी पारव्यांची पाटी डोक्यावर घेऊन तो गेला आणि संध्याकाळी चिंब होऊन आला. हात रिकामे. दुसऱ्या उघाडीलाही तेच. तिसऱ्यालाही तेच. "पारवं येतात, वरून बघतात नि जातात," तो म्हणायचा. "त्येंना काय तरी सौंशय येतोय."

एक लाकडी पारवा आईनं घरीच ठेवला होता, बाबांच्या उशाशी, खिडकीच्या फळीवर. जीव रमेल म्हणून. बाबा डाव्या हातानं तो फिरवत. माझा धाकटा भाऊ जाऊन तो उलटा करून ठेवी. बाबा परत फिरवत आणि एवढे चिडत की त्यांच्या कपाळाची शीर फुगे. आई त्यांचं मन राखायला तो नीट त्यांच्याकडे तोंड करून ठेवायची, तर ते आणखी चिडत. एकदा ती माझ्यापाशी येऊन पदरात तोंड घालून रडली. "बुद्धी पन गेली गो त्यांची. पोरासारखं खेळतात." मलाही तसंच वाटलं. आपला बाप आता लाकडाच्या पाखराशी खेळत बसणार.

मग एके सकाळी आभाळ भरून आलं. चुलीचा धूर रोज माजघराकडे यायचा. त्या दिवशी वारा फिरला आणि धूर उलटा, खळ्याकडे जायला लागला. मी डोळे पुसत पडवीत आले. बाबा फळीवरचा पारवा फिरवत होते. रोज खिडकीबाहेर बघणारा तो पारवा त्यांनी आज भिंतीकडे तोंड करून ठेवला. धूर जिकडून येत होता, बरोबर तिकडे. वाऱ्याकडे.

मी धावत मागल्या दारी गेले. मामा भाकरी खात होता. "मामा, तू पारव्यांची तोंडं कुणीकडे करून मांडतोस रे?"

"कुणीकडे म्हंजे?" मामा घास तोंडात धरून म्हणाला. "ओहोटी असली की गावाकडे, भरती असली की दर्याकडे. होडी नांगरावर असती तशी."

आईच्या हातातली पळी खाली पडली. "सड्यावर कसली रे मेल्या भरती!"

मामानं सगळा जन्म खाडीत काढलेला. खाडीत नांगरलेली होडी पाण्याच्या ओढीकडे तोंड करते. त्याला जगात दुसरी दिशा ठाऊकच नव्हती. कातळावर बसून तो बिचारा मनातल्या मनात ओहोटीचा हिशेब करत होता. आई हसली. बाबा पडल्यापासून पहिल्यांदाच हसली, आणि हसता हसता तिनं कोपऱ्यातलं माझं इरलं काढून माझ्या हातात दिलं. "जा तू त्याच्यासंगती," ती म्हणाली. "लोक काय बोलायचं ते बोलूंदेत."

अवस अगदी तोंडावर आली होती. आम्ही सड्यावर पोचलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता आणि कातळ सगळीकडे चकाकत होता. मी तंतू सोडला. वारा परत दर्याकडला झाला होता. एकेक पारवा तोंड वाऱ्याकडे करून मांडला, काही जवळ, काही लांब, एखादा मान वाकवून, बाबा मांडत तसे. मग गडग्याशी जाऊन इरल्याखाली बसले आणि बाबांची विडी नाही म्हणून मला वासाची एवढी आठवण झाली की रडूच आलं.

पारवे आले. कड्याच्या बाजूनं, खालून वर चढून, एक घिरटी घेतली आणि पंख ताणून वाऱ्यावर उतरायला लागले. मामानं उडत्यावर बार काढला, तो आभाळाला लागला. थवा फुटला. मामानं घाईघाईनं पुन्हा बंदूक ठासली. बऱ्याच वेळानं एकच पारवा परत आला. उतरला. माझ्या हातानं गळा केलेल्या लाकडी पारव्याच्या मागे बसला आणि टुकटुक कण्या वेचायला लागला. मामानं बंदूक उचलली.

"मामा, बसलाय तो," मी कुजबुजले.

"पाव्हणा पाव्हणा करीत ऱ्हायलंव, तर भावजी जल्मभर तसेच पडून ऱ्हायचे," मामा म्हणाला आणि त्यानं चाप ओढला.

धूर निवळला तेव्हा दोघेही आडवे होते, खरा आणि लाकडाचा. लाकडी पारव्याच्या छातीच्या ढलप्या उडाल्या होत्या. तो मामानं पाटीत सगळ्यांच्या तळाला घातला आणि माझ्याकडे पाहिलं. मी बाकीचे पारवे त्याच्यावर रचले. खाली उतरताना पावसानं आम्हाला झोडपून काढलं.

त्या रश्श्याचा वास मला अजून आठवतो. मिरं, आलं, भाजलेलं खोबरं आणि वरून तिरफळं. कितीतरी दिवसांनी घराला सुक्या मासळीखेरीज दुसरा वास आला होता. आईनं बाबांना टेकून बसवलं आणि वाटीनं रस्सा पाजला. मग तंगडीचं मांस काढून भरवलं. मामा दारात उभा राहून, पारवे कसे भुलले आणि आपण कसा नेम धरला, ते सांगत होता. बाबा चावता चावता थांबले. त्यांनी डावा हात तोंडाशी नेला आणि दातांतून काहीतरी काढलं. छरा असेल म्हणून आईनं तळवा पुढे केला.

छरा नव्हता. लाकडाची कुसळाएवढी ढलपी होती, एका टोकाला राखी रंग लागलेली. बाबांनी ती दिव्याकडे धरली. बोटांत चुरून बघितली. मग त्यांनी मामाकडे पाहिलं, आणि तांडेल असताना खलाशांकडे बघायचे तसं पाहिलं.

"ब…" ते म्हणाले. "ब… ब… बसलेला?"

मामा, एवढा मोठा माणूस, बाबांच्या पायांवर जाऊन पडला. "बसलेला, भावजी, बसलेलाच मारला. शिव्या घाला. काय पायजे त्या घाला, पन बोला!" आई रडत होती, मी रडत होते, आणि बाबांच्या वाकड्या तोंडातून मलबारी शिव्या अडखळत, तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडत होत्या. हकीमसाहेब पुढे सगळ्यांना सांगत की पारव्याच्या रश्श्यानं वाचा आली. आई म्हणायची, देवानं दिली. मामा मरेपर्यंत म्हणायचा, माझ्या चुकीनं आली.

भाच्यानं एवढं सगळं माळ्याच्या शिडीवर बसून ऐकलं. खाली उतरून त्यानं माझ्या हातातला पारवा घेतला आणि विचारलं, "मग आजोबा बरे झाले ना?"

शब्द आले, सगळे नाहीत. पाय आलाच नाही. फत्तेमारी दुसऱ्या तांडेलाकडे गेली, आणि सड्यावर बाबा पुन्हा कधी चढले नाहीत. नारळी पौर्णिमेला खाडीतून शिडं निघायची तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडत. त्या वेळी त्यांच्याकडे बघवत नसे.

पण पुढच्या आषाढात मी सासरहून चार दिवस आले होते. उघाडी पडली होती. बाबांनी मला पारव्यांची पाटी मागितली. मी त्यांना पडवीच्या पायरीवर आणून बसवलं आणि ते बोटानं दाखवतील तसे पारवे खळ्यात मांडले. हा छाती फुटलेलाही त्यांनी मांडायला लावला, सगळ्यांत पुढे. वारा जरा फिरला की ते "हां… हां" करत, आणि मी जाऊन सगळ्यांची तोंडं वळवायची. बंदूक मामाकडे गेली होती. घरात तिची खुंटीच तेवढी राहिली होती.

किती वेळ बसलो कोण जाणे. आई विहिरीवरून कळशी घेऊन येत होती. एवढ्यात गडग्यावरून एक पारवा आला, खरा, गळा चमकणारा. एक घिरटी घेऊन तो खळ्यात उतरला आणि या फुटक्या पारव्याशेजारी बसून पायरीवरून सांडलेला भात टिपायला लागला. मी उठायला गेले, बाबांना दाखवायला. त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. त्या हातात अजून तांडेलाचा जोर होता.

"हलू नको गो, बाय," ते म्हणाले. एकही शब्द अडखळला नाही. "पाव्हणा जेवतोय."

आई कळशी डोक्यावर घेऊन खळ्याच्या तोंडाशी तशीच उभी राहिली. पाऊस पुन्हा आला, तरी आमच्यातलं कोणी हललं नाही.